साकवाच्या वरचा चपटा धोंडा

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला विषय कळवला होता, 'निरोगी जीवनासाठी दहा संकल्प'. मी उलट कळवलं की माझ्याजवळ एकही नाही, आणि एकतीस वर्षांत मी कोणाला तो दिलेलाही नाही. मला वाटलं, सुटलो. पण त्यांचा फोन आला, "मग तुमच्याजवळ आहे तरी काय?" मी म्हणालो, एक धोंडा आहे. पोलादपूर तालुक्यात, एका वाडीच्या वाटेवर. चालत असेल तर त्याच्याबद्दल लिहितो.

महाडला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. दोन खाटा, एक उभा आरसा आणि धरून चालायला दोन लोखंडी दांडे. पाटीवर सुरुवातीला मी 'भौतिकोपचार तज्ज्ञ' असं लिहून घेतलं होतं. ते शुद्ध होतं आणि कोणालाही कळत नव्हतं. लोकांनी आपणहून मला 'शेकवाले डॉक्टर' केलं. मी शेवटपर्यंत पाटी बदलली नाही आणि लोकांनी नाव बदललं नाही.

धंदा थोडक्यात सांगतो. मोडलेलं हाड जोडणारे डॉक्टर वेगळे. त्यांचं काम एक्स-रेमध्ये दिसतं. त्या जोडलेल्या हाडाचा माणूस एसटीची पायरी चढेल, संडासला बसेल, देवापुढे वाकेल, हे बघणं माझं काम. त्याचा फोटो निघत नाही. त्यासाठी मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचो. काय जमत नाही? काय जमायला हवं आहे? कधीपर्यंत? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला लोक खरं उत्तर देतात. दुसऱ्याला बहुतेक जण फोनमध्ये पाहिलेलं सांगतात.

औद्योगिक वसाहतीतला एक ऑपरेटर टाचदुखी घेऊन आला होता. त्याच्या कंपनीत रोज दहा हजार पावलांची स्पर्धा लागली होती. हा आठ तास कारखान्यात उभा असायचा, आणि पाळी सुटली की बसचा थांबा सोडून पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायचा, कारण मनगटावरचा पट्टा त्याला अजून पावलं मागायचा. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पट्टा काढा आणि झोपा. "पण सर, मी तिसऱ्या नंबरवर आहे," तो म्हणाला. टाचेला नंबर कळत नाही, हे त्याला पटायला दोन महिने लागले.

दुसरे आमच्याकडचे एक मान्यवर. नाव लिहीत नाही, त्यांच्या फलकांवर ते पुरेसं आलेलं आहे. एका वाढदिवसाला त्यांनी वीस किलो वजन उतरवण्याचा संकल्प केला आणि तो चौकात फ्लेक्सवर लावला. फ्लेक्सवर चेहरा त्यांचा होता, दंड दुसऱ्या कोणाचे तरी होते. त्याच दिवशी त्यांच्या हस्ते नदीकाठच्या खुल्या व्यायामशाळेची फीत कापली गेली. फोटोसाठी ते तिथल्या एका यंत्रावर चढले आणि दुसऱ्या दिवशी जांघ धरून माझ्या खाटेवर आले.

"काय जमायला हवं आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"वीस किलो."

"ते वजन झालं. करायला काय हवं आहे, जे आज जमत नाही?"

मग मीच सुचवलं की रोज संध्याकाळी घरापासून नदीच्या घाटापर्यंत जावं आणि परत यावं, बास. "एवढंच? हे जाहीर कसं करणार?" म्हणाले आणि पुन्हा आले नाहीत. त्या व्यायामशाळेचा खरा उपयोग सावित्रीचं पाणी गावात शिरून ओसरल्यावर झाला. लोकांनी त्या यंत्रांवर गोधड्या वाळत घातल्या.

त्या पुरात माझीही यंत्रं गेली. शेकाचं एक आणि करंटची दोन. चिखल काढून झाल्यावर दवाखान्यात एक खुर्ची, टॉवेल आणि सुताराने करून दिलेला तीन पायऱ्यांचा लाकडी जिना एवढंच उरलं. पुढचे सहा महिने मी त्यावर काम केलं आणि पेशंट पूर्वीइतकेच बरे झाले. हे मी यंत्रं विकायला येणाऱ्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. नवी यंत्रं मी घेतली नाहीत. त्यामुळे शेकवाले डॉक्टर शेक न देता निवृत्त झाले.

आता धोंड्याकडे येतो.

शेवंताबाई उतेकर साठीच्या पुढच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घर पोलादपूर तालुक्यातल्या एका गावाच्या वरच्या वाडीत. डांबरी रस्ता खालच्या वाडीशी संपतो. तिथून वर धडधाकट माणसाला अर्धा तास चढ आहे. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गवताचा भारा घेऊन येताना त्या शेवाळावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. एकुलता मुलगा दिलीप गणपतीसाठी मुंबईहून आलेलाच होता. त्याने आणि वाडीतल्या माणसांनी बांबूला चादरीची झोळी बांधली आणि भर पावसात आईला खाली उतरवलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, आणि महाडला भाचीच्या घरी राहून त्या माझ्याकडे येऊ लागल्या.

पहिल्याच दिवशी मी तीन प्रश्न विचारले. उत्तर दिलीपने दिलं. तो घणसोलीला एका गोदामात कामाला होता. समंजस होता, आईवर जीव होता, आणि त्या झोळीने त्याला घाबरवलं होतं.

"डॉक्टर, चिखलात दोनदा पाय सरकला माझा. आई झोळीत. पडलो असतो तर सगळेच गेलो असतो. आता तिने माझ्याकडे यावं. खोली लहान आहे, पण लिफ्ट आहे."

"लिप्टात बसून जाऊ कुठं?" शेवंताबाई म्हणाल्या.

"आये, तुला चढता येणार नाय आता. समजून घे."

"कोण म्हणतंय?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या धंद्यात हा क्षण नेहमी येतो. खोटी आशा दिली तरी पाप आणि खरी मोडली तरी पाप. शेवटी मायलेकांत असं ठरलं की दिलीप शिमग्याला येईल. त्या दिवशी आई रस्त्यापासून घरापर्यंत स्वतःच्या पायांनी चढली तर राहील. नाही चढली तर घराला कुलूप. "नवीन कुलूप घेऊन येणार हाय मी, सांगून ठेवतो," तो म्हणाला. शेवंताबाई म्हणाल्या, "आण. चांगलं बगून आण."

सहा महिने होते. अशक्य नव्हतं, सोपंही नव्हतं. मी त्यांना पुस्तकातलं सांगू लागलो की खुबा आता इतक्या अंशांत वाकतो, तो तितक्यात वाकला पाहिजे. त्या ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, "अंश माझ्या कामाचं नाय. कुठवर जायचं त्ये सांगा."

इतकी स्वच्छ मागणी माझ्याकडे एकतीस वर्षांत दुसऱ्या कोणी केली नाही. मग मी जे कधी करत नसे ते केलं. एका रविवारी पोलादपूरला जाऊन ती वाट चढून आलो आणि कागदावर तिचा नकाशा काढला. रस्ता. मग आंबा. मग ओहोळावरचा साकव, म्हणजे लाकडी पूल. मग बरोबर अर्ध्या वाटेवर ऐनाच्या झाडाखाली एक चपटा धोंडा. मग खडी चढण, आणि वर वाडी. तो धोंडा पाहून मला इतका आनंद झाला की मी त्याची उंची मोजली. खुबा मोडलेल्या माणसाला खाली जमिनीवर बसता येत नाही, बसला तर उठता येत नाही. त्याला बैठक मांडीइतक्या उंचीची लागते. धोंडा नेमका तेवढा होता. वर सावली. त्यावर तांदळाचे चार दाणे पडलेले होते. पाखरांना कोणी घातले असतील, असं मनात आलं आणि इथली माणसं चांगली आहेत असंही वाटलं.

दोन महिन्यांनी शेवंताबाई खालच्या वाडीत चुलत जाऊ अनसूया हिच्या घरी राहायला गेल्या, आणि तिथून रोज थोडं थोडं वर चढायचं असं ठरलं. दर गुरुवारी मी पोलादपूरला एका मित्राच्या दवाखान्यात बसत असे. तिथे दोघी जावा जीपने यायच्या. चढाचा नियम मी त्यांना शिकवला होता की वर जाताना चांगला पाय आधी टाकायचा, खाली येताना दुखरा आधी, आणि काठी चांगल्या बाजूच्या हातात धरायची. शेवंताबाईंनी तो आपल्या भाषेत पाठ केला होता, "वर जाताना शाणा पाय फुडं, खाली येताना येडा." मी पुढे हाच नियम सगळ्यांना असाच शिकवला.

आंबा पंधरा दिवसांत झाला. साकव डिसेंबरात झाला. पुढचं मी कागदावर खूण करून दिलं होतं: धोंड्यापर्यंत चढा, पाच मिनिटं बसा, परत या. मध्ये ही पाच मिनिटं घेतली तरच पुढचा अर्धा चढ हातात येणार होता.

आणि इथे सगळं थांबलं. एक आठवडा, दोन, पाच. दर गुरुवारी उत्तर तेच, साकवापर्यंत जाते.

"धोंड्यापर्यंत का नाही?"

"जाते की."

"बसता?"

त्या काठीकडे पाहायच्या. "बसायचं बगते."

पाचव्या गुरुवारी माझा तोल गेला. बाहेर बाकावर चार पेशंट बसले होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "शिमगा तोंडावर आलाय. मुलाला काय सांगणार, बसायचं बघत होते म्हणून? मेहनत तुम्हाला करायची आहे, मला नाही." मी त्यांच्या कार्डावर लिहिलं, 'रुग्ण सूचना पाळत नाही'.

अनसूयाबाई माझ्यासमोर कधी बोलत नसत. त्या दिवशी दारापर्यंत जाऊन परत आल्या.

"डाक्टर, एक इचारू? रागवू नका."

"विचारा."

"त्यो धोंडाच कशापायी निवडला तुमी?"

"उंची बरोबर आहे. सावली आहे. शिवाय अर्ध्या वाटेवर आहे."

"म्हणूनच त्यो तिथं हाय," त्या म्हणाल्या. "वरच्या वाडीचं माणूस गेलं की तिरडी त्याच्यावर टेकवतात. खांदा बदलतात आन मग खाली ओहोळाकडं नेतात. जितं माणूस त्याच्यावर बसत नाय."

मला ते तांदळाचे दाणे आठवले. न वाकता चार माणसांना ओझं टेकवता यावं म्हणून कोणीतरी पूर्वी ती उंची ठरवली होती, आणि मी तिथे टेप लावून खूश झालो होतो.

"मावशी," मी शेवंताबाईंना म्हणालो, "हे तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तुमाला ठावं असंल म्हटलं. तुमी सोता चढून बगून आलाव. म्हटलं, डाक्टरला थेट सांगवत नाय, म्हणून कागदावर काढून दिलं की तुजी वाट इथवरच."

पाच आठवडे त्या हे मनात घेऊन रोज साकवापर्यंत जात होत्या. मी सूचना पाळली जात नाही म्हणून कार्ड भरत होतो, आणि त्या मरणाच्या चिठ्ठीसारखा घडी करून ठेवलेला तो कागद घेऊन चढत होत्या. मी माफी मागितली. "ऱ्हावद्या," त्या म्हणाल्या. "आता कुठं बसू त्ये सांगा."

प्लॅस्टिकची खुर्ची ठेवायचं ठरलं. शेवंताबाई म्हणाल्या, लोक म्हणतील ही पुढारी झाली. तरी वाडीतल्या दोघांनी लाल खुर्ची नेऊन धोंड्याच्या अलीकडे एका झाडाला सुंभाने बांधली. आठवडाभरात त्या तिथपर्यंत चढून बसू लागल्या. मग खुर्चीनंतर वीस पावलं वर. मग पन्नास. शिमग्याच्या आधीच्या गुरुवारी म्हणाल्या, घराचं कौल दिसतं तिथवर जाऊन आले, पण पुढं गेले नाय. का, तर घरी पहिल्यांदा जाईन ती शिमग्यालाच.

शिमग्याला मी गेलो. पेशंटच्या घरी जाऊ नये असा माझा नियम होता, तो मोडला. दिलीप सकाळीच मुंबईहून उतरला होता. त्याच्या बॅगेतलं कुलूप त्याने मला दाखवलं, पितळी, जाड. "वापरायला लागू नये, डॉक्टर," तो हळूच म्हणाला. वर वाडीत पालखी सहाणेवर, म्हणजे देवाच्या चौथऱ्यावर, बसली होती. ढोल ऐकू येत होता. शेवंताबाई पुढे, काठी घेऊन. मागे दिलीप, अनसूयाबाई, मी आणि मुंबईहून आलेली पाचसहा माणसं.

आंबा गेला. साकव गेला. त्या बोलत चढत होत्या. माझा नियमच तसा होता, की चढताना बोलता आलं पाहिजे, दम लागून बोलणं तुटलं की थांबायचं. साकवानंतर त्यांचं बोलणं तुटलं. मी म्हणालो, "आली खुर्ची, दहा पावलं."

झाडाला नुसतं सुंभ लोंबत होतं.

सहाणेवरच्या पत्र्याच्या शेडला देणगी दिल्याबद्दल वर एका मान्यवरांचा सत्कार होता. तेच, वीस किलोवाले. सत्काराला वाडीतल्या सगळ्या खुर्च्या गोळा केल्या होत्या, त्यात ही लालही गेली. कोणाला काही गैर वाटलं नव्हतं. वाटेत खुर्ची कशाला, असंच वाटलं असणार.

शेवंताबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. खाली बसवता येत नव्हतं. खाली बसलं तर उठवायला माणसं लागली असती, आणि मग ते पायांनी चढणं राहिलं नसतं. दिलीपचा चेहरा उतरला.

"आये, झालं एवढं लय झालं. झोळी मागवतो."

"गप रे."

"पाय बघ तुझा कसा कापतोय."

त्यांनी पाय पाहिला. मग वर धोंडा पाहिला. बारा पावलांवर होता. शहाणा पाय पुढे टाकला, मग वेडा. बारा पावलं झाली, आणि त्या वळून, मी शिकवलं होतं तसं एक हात मागे टेकवून, सावकाश धोंड्यावर बसल्या.



"उठ गो," अनसूयाबाई म्हणाल्या. "उठ शेवंता, काय करतेस? सणाचा दीस हाय."

"बसू दे."

"तिथं बसत नाय, तुला सांगाया हवं काय?"

"ह्यांना हितं टेकवलं तवा मी वर पडवीत होते. खाली येऊ दिली नव्हती मला," शेवंताबाई म्हणाल्या. दम लागला होता, शब्द तुटत होते. "मलाबी हितंच टेकवाल. तवा मला काय कळणार हाय? आत्ता कळतंय." त्यांनी तळहाताने धोंडा चाचपला. "गार हाय. बरा हाय."

मी घड्याळ पाहिलं, कारण माझ्या हातात तेवढंच होतं. पाच मिनिटं झाली. त्या सात मिनिटं बसल्या. मग काठी टेकून एका दमात उठल्या आणि खडी चढण चढू लागल्या. वर वाडीत शिरल्यावर ढोल वाजवणारे क्षणभर थांबले आणि मग जास्त जोरात वाजवायला लागले.

लाल खुर्ची सहाणेसमोर हार घालून तयार होती. त्यावर कोणी बसलं नव्हतं. मान्यवर साकवापर्यंत आले, वर पाहिलं आणि म्हणाले म्हणे, खालीच करू या. सत्कार रस्त्याला उरकला.

दिलीप दोन दिवसांनी परत गेला. कुलूप आईकडेच ठेवून. ते आता शेळ्यांच्या वाड्याला आहे. शेवंताबाईंचं कार्ड मी बंद करताना जुनी ओळ खोडली नाही. खाली लिहिलं, 'सूचना चुकीची होती. रुग्णाने दुरुस्त केली'. निवृत्त होताना मी सगळी कार्डं फाडली, ते एक ठेवलं आहे.

लोक मला अजून विचारतात, किती चालावं, किती किलो उतरवावं, काय खावं. मी आकडा देत नाही. तुमच्या घराच्या वाटेवर काय काय आहे ते सांगा, म्हणतो. काही रागावतात. रागवोत.

यंदा माझाच उजवा गुडघा गेला आहे. मान्यवरांच्या मुलाने मला त्यांच्या नव्या जिमचं कार्ड पाठवलं, मोफत. मी ते परत केलं आणि मार्चमध्ये पोलादपूरला जाऊन साकवापर्यंत चढलो, मग वर. ऐनाखाली दोन बायका गवताचे भारे टेकवून धोंड्यावर बसल्या होत्या. मला पाहून सरकल्या. मी मधे बसलो. धोंडा खरंच गार होता. पाच मिनिटांनी उठताना गुडघ्याने कुरकुर केली, मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही, आणि चांगला पाय पुढे टाकला.